वॉशिंग मशीन धडधडतंय? पायाखालचे रबरी पॅड मागवायच्या आधी हे करून बघा

मशीन स्पिनला लागलं की ड्राय बाल्कनीची काच वाजते, वर ठेवलेली क्लिपांची टोपली उड्या मारते, मशीन हळूहळू सरकत दरवाजाशी येतं आणि खालच्या मजल्यावरच्यांना वाटतं वर कोणीतरी ड्रिल लावलंय. इतक्या घरांत हे चालू असतं की लोकांनी तो मशीनचा स्वभावच समजून सोडून दिलाय. पण खरंच तसं नाहीये. धड बसवलेलं मशीन स्पिनला आवाज करतं, पण जागेवर उभं राहून करतं. आणि मशीन नाचत असेल तर बहुतेक वेळा दोष आत नसतोच, एकतर पायाखाली असतो नाहीतर कपड्यांत असतो. त्यामुळे आधी फुकटातले उपाय करा, मग दोनचारशे रुपयांचे, आणि मेकॅनिकला फोन सगळ्यात शेवटी. उलट्या क्रमाने गेलं की पैसे जातात आणि धडधड तशीच राहते.

आता हे होतं का ते आधी समजून घ्या, मग पुढचं सगळं आपोआप कळेल. फ्रंट लोडच्या ड्रमचा व्यास साधारण ४८ ते ५० सेंटीमीटर असतो. तो १२०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला १२०० फेरे अशा वेगाने फिरतो तेव्हा कडेला चिकटलेल्या कपड्यावर त्याच्या वजनाच्या जवळपास ३८५ ते ४०० पट जोर येतो. म्हणजे ड्रमच्या एका बाजूला नुसते ३०० ग्रॅम जास्त असले, एखादा ओला नॅपकिन समजा, तरी ती बाजू शंभर किलोच्या वर ओढते, आणि ती ओढ सेकंदाला २० वेळा गोल फिरत असते. हे सावरायला कंपनीने आतला टब, म्हणजे ज्याच्या पोटात ड्रम फिरतो तो, स्प्रिंगांवर टांगलेला असतो, खाली झोके जिरवणारे डॅम्पर असतात, आणि टबाला काँक्रीटचे नाहीतर बिडाचे जड ठोकळे बोल्टने आवळलेले असतात. फ्रंट लोड उचलताना कंबर जाते ती या ठोकळ्यांमुळेच.

यातली एक गोष्ट फार उपयोगाची आहे. टब सगळ्यात जास्त झोके घेतो तो पूर्ण वेगात असताना नाही, तर स्पिन सुरू होताना आणि थांबताना, वेग कमी असताना. त्या पट्ट्यातून ड्रम पटकन पुढे गेला की मग तो बऱ्यापैकी स्थिर होतो. त्यामुळे आवाज कधी येतो ते नीट ऐका. नुसता सुरुवातीला आणि शेवटी धडाधड आपटत असेल तर कपडे किंवा डॅम्पर बघायचे, आणि वेग वाढेल तसतसा आवाज वाढत वाढत जाऊन वरती घोंघावत असेल तर बेअरिंगवर, म्हणजे ड्रमचा दांडा ज्यावर फिरतो त्या पार्टवर संशय घ्यायचा.

पहिली चाचणी एकदम सोपी, ड्रम पूर्ण रिकामा करा आणि फक्त स्पिन लावा. रिकामं मशीन शांत फिरलं तर मशीन ठीक आहे, तुमच्या कपडे भरण्यात गडबड आहे. रिकामं असूनही थरथरलं तर पाय, फरशी नाहीतर आतला पार्ट. ही चाचणी केल्याशिवाय पुढे जाऊच नका, कारण अर्धा गोंधळ इथेच मिटतो.

नवीन मशीन असेल किंवा नुकतंच घर शिफ्ट केलं असेल तर मशीनच्या पाठीमागे जाऊन बघा. फ्रंट लोडला मागच्या पत्र्यावर तीन किंवा चार मोठे बोल्ट असतात, ट्रान्झिट बोल्ट म्हणतात त्यांना, प्रवासात टब हलू नये म्हणून लावलेले असतात. ते तसेच ठेवून मशीन लावलं तर स्प्रिंग आणि डॅम्परचा काहीही उपयोग होत नाही, ड्रमचा सगळा हिसका थेट बॉडीला आणि जमिनीला बसतो, आणि असं चालवत राहिलात तर मशीन खराब होतं. पान्ह्याने काढा, त्यांच्या प्लास्टिकच्या नळ्यांसकट बाहेर ओढा, आणि भोकांना सोबत आलेली झाकणं बसवा नाहीतर झुरळांना आयताच रस्ता मिळतो. टॉप लोडला बोल्ट नसतात पण खाली थर्माकोल किंवा पुठ्ठ्याचं पॅकिंग असतं, ते घाईत तसंच राहून जातं, टॉर्च मारून बघून घ्या.

आता पाय. सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच दिलं जातं. आपल्याकडे मशीन ठेवतात कुठे, तर ड्राय बाल्कनीत नाहीतर बाथरूममध्ये, आणि तिथली फरशी मुद्दाम उतारावर घातलेली असते, पाणी जाळीकडे जावं म्हणून. म्हणजे मशीन चार पायांवर उभं आहे असं दिसतं पण खरं वजन तीनच पायांवर असतं, चौथा नुसता टेकलेला. दोन्ही हात मशीनच्या वरच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवर तिरके ठेवा, म्हणजे एक हात पुढे डावीकडे आणि एक मागे उजवीकडे, आणि आलटून पालटून दाबा. मग दुसरी जोडी. कुठेही जरासं जरी डुगडुगलं तरी स्पिनला तो पाय फरशीवर ठोके मारणारच.

पाय सेट करताना आधी प्लग काढा आणि नळ बंद करा. मशीन ६०-७० किलोचं असू शकतं त्यामुळे एकट्याने तिरकं करू नका, एकाने पुढून थोडंसं उचलून धरायचं, खाली लाकडाचा ठोकळा सरकवायचा, मगच हात घालायचा. प्रत्येक पायाला आटे असतात आणि त्यावर एक चपटा नट असतो, चेक नट. तो आधी सैल करा. मग पाय फिरवून बघा, दोन वेढ्यांत कळतं कुठल्या बाजूला फिरवलं की लांब होतो. चारही पाय शक्य तेवढे आत ठेवा, आणि जिथे उतार आहे तेवढाच पाय बाहेर काढा, कारण पाय जितका लांब तितका मशीनचा डुलका जास्त. वर पाणसळ ठेवून बघा, आधी आडवी, मग उभी. पाणसळ नसेल तर मोबाईलमधलं लेव्हलचं अ‍ॅप चालेल, पण फोनला कव्हर नको आणि कॅमेऱ्याचा उंचवटा मशीनच्या कडेबाहेर राहू द्या, नाहीतर फोनच तिरका बसतो. लेव्हल आली की पुन्हा कोपरे दाबून बघा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत बरं का, पाणसळीचा बुडबुडा मधोमध आला तरी एक पाय हवेत असू शकतो, आणि माझ्या मते बुडबुडा थोडा इकडेतिकडे असला तरी चालेल, पण डुगडुग अजिबात नको.

आणि आता जी पायरी जवळपास सगळे सोडतात ती. पाय हाताने घट्ट धरून चेक नट वर फिरवत न्या, मशीनच्या तळाला टेकेपर्यंत, आणि मग पान्ह्याने आवळा. हा नट सैल राहिला तर स्पिनच्या थरथरीने पाय हळूहळू फिरत राहतो आणि पंधरा दिवसांत सगळी लेव्हल पुन्हा गेलेली असते. इन्स्टॉलेशनला आलेला माणूस पाय फिरवून पाच मिनिटांत निघून जातो, नट बघतच नाही. बसवतानाच त्याच्याजवळ उभे राहा आणि "दादा, चेक नट पण आवळून द्या" असं सांगा. काही मॉडेलचे मागचे पाय फिरत नाहीत, त्यांना पुढचेच सेट करायचे.

फरशी पण ठोकून बघा, नाण्याने, जिथे जिथे पाय टेकतो तिथे. पोकळ आवाज आला तर खाली सिमेंट नीट भरलेलं नाही आणि ती टाइल ढोलासारखी वाजणार. मशीन चार बोटं सरकवून पाय भरीव टाइलवर आणता आला तर आणा. सगळीच जमीन तशी असेल किंवा उतार फार असेल तर कडाप्प्याचा किंवा ग्रॅनाइटचा जाड तुकडा कापून आणा, मशीनपेक्षा थोडा मोठा, खाली रबर, वर मशीन. वजन पसरतं आणि मशीन पाण्याच्या वर पण राहतं.

चाकांच्या ट्रॉलीबद्दल स्पष्टच सांगतो, काढून टाका. दुकानदार मशीनबरोबर देतात, झाडूपोछाला सोयीची वाटते, खाली पाणी साचत नाही हेही खरं. पण पातळ पत्र्याची, नटबोल्ट जोडून ॲडजस्ट होणारी, चाकं असलेली वस्तू खाली ठेवून वर १२०० आरपीएमचं स्पिन चालवायचं म्हणजे आपणच मशीनला डुगडुगायची सोय करून दिली. चाकांना लॉक असला तरी चाकाच्या आसात फट असतेच. पाण्याची भीती असेल तर बिनचाकाचा जड स्टँड घ्या किंवा वर सांगितलं तसा दगड घाला. उंदरांसाठी तळाला जाळी मिळते, ती बसवून घ्या.

पॅड घ्यावेत का, तर हो, पण सगळ्यात शेवटी. पॅड हलणं थांबवत नाही, तो जमिनीत जाणारी थरथर कमी करतो. म्हणजे लेव्हल बिघडलेल्या मशीनखाली पॅड टाकले तर मशीन तितकंच नाचणार, कदाचित जास्त. घट्ट रबराचेच घ्या. अंगठ्याने जोरात दाबल्यावर जेमतेम दबला पाहिजे. सोफ्याचा फोम, जुनी योगा मॅट, चपलेचे मऊ तळवे असलं काही घालू नका, मऊ वस्तूवर मशीन उसळ्या मारतं. जिमच्या जमिनीवर घालतात ते १० ते २० मिलिमीटर जाडीचं रबर छान काम करतं, त्याचे वीतभर चौकोनी तुकडे कापून चारही पायांखाली घाला. एकाच पायाखाली पॅड घालून लेव्हल काढायचा शॉर्टकट नको. आणि पॅड घातल्यावर लेव्हल पुन्हा बघा, कारण रबर दबतं.

मशीन भिंतीला किंवा शेजारच्या कपाटाला लागतंय का तेही बघा, चारही बाजूंनी दोन इंच तरी मोकळी जागा हवी. मागचा इनलेट पाइप आणि ड्रेन पाइप ताणून भिंतीला घासत असतील तर तिथूनही थरथर भिंतीत जाते, थोडी ढील द्या. आणि मशीनच्या डोक्यावरचा संसार उतरवा, पावडरचा डबा, स्टीलची बादली, क्लिपा, कारण कितीदा तरी आपण मशीनचा म्हणून ऐकतो तो आवाज बादलीच्या कडीचा असतो. बाल्कनीची सरकती खिडकी वाजत असेल तर तिच्या कडेला केसाळ पट्टी किंवा रबराची पट्टी लावा, हार्डवेअरच्या दुकानात मिळते.

आता कपडे. एकटा जड कपडा हा मशीनचा खरा शत्रू. सोलापुरी चादर एकटी टाकली की ती पाणी पिऊन एक गोळा होते आणि ड्रमच्या एकाच बाजूला बसते, समोरच्या बाजूला तोलायला काहीच नसतं. तिच्याबरोबर दोनतीन टॉवेल टाका, वजन वाटलं जातं. जीन्सचंही तसंच, एक जीन्स आणि चार रुमाल असला लोड नको. फार कमी लोडही वाईट आणि ठासून भरलेलाही वाईट, फ्रंट लोडला कपड्यांच्या वर एक हात आडवा आत जाईल इतकी जागा ठेवायची. रजईच्या कव्हरची चेन किंवा बटणं लावूनच टाका, नाहीतर बाकीचे कपडे त्याच्या पोटात शिरतात आणि बाहेर एक भलं मोठं गाठोडं निघतं. सुती साडी पण दोरखंडासारखी पिळून बाकीच्यांना गुंडाळते, जाळीच्या पिशवीत सैलसर घडी करून टाकली की त्रास होत नाही. गोधडी मात्र मशीनला लावूच नका असं मी म्हणेन, थरांमध्ये पाणी एकीकडेच साठतं, ती बाथरूममध्ये पायाने तुडवून धुतलेलीच बरी.

आणि रेनकोट, प्लास्टिकचे पडदे, बाळाखालचं रबरी शीट या गोष्टी स्पिनला कधीच नकोत. हे आवाजापुरतं नाहीये. त्यांच्यातून पाणी निघत नाही, फुग्यासारखं आत अडकतं आणि पूर्ण वेगात असताना एकदम सुटतं, मग तोल इतका जातो की मशीन उलटू शकतं, झाकण तुटू शकतं. मशीनच्या माहितीपुस्तकात हा इशारा असतो पण ते पुस्तक वाचतं कोण.

स्पिन मधेच थांबून पुन्हा पाणी घेत असेल, वेळ संपतच नसेल, तर मशीन स्वतःच कपडे पसरायचा प्रयत्न करतंय. एलजीच्या मशीनवर तेव्हा यूई (UE), म्हणजे तोल गेल्याचा कोड दिसतो, बाकी कंपन्यांचे वेगळे कोड असतात. पॉज करा, दार उघडेपर्यंत थांबा, कपडे हाताने सोडवून पसरवा आणि फक्त स्पिन लावा.

सेमी ऑटोमॅटिक वाल्यांनो, तुमचा स्पिन टब अरुंद आणि उंच असतो, त्यामुळे कपडे एकेक करून गोल गोल रचायचे, हाताने खाली दाबायचे आणि वर ती भोकांची प्लास्टिकची चकती बसवायचीच. ती चकती हरवलेली घरं खूप आहेत, आणि मग स्पिन लावलं की टब कडेला आपटतो. थोड्या पैशात मिळते, आणा.

वेग कमी करणं हाही उपाय आहे आणि फुकट आहे. जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे १२०० वरून ८०० वर आणलं तर ओढ निम्म्याहूनही कमी होते. एप्रिल-मेच्या उन्हात ८०० ला पिळलेले कपडेही दुपारपर्यंत कडक वाळतात, तेव्हा उगाच १२०० कशाला. पावसाळ्यात मात्र वेग लागतोच, नाहीतर कुबट वास येतो, तेव्हा लोड नीट वाटून भरा.

एवढं सगळं करूनही रिकामं मशीन आवाज करत असेल तर आता आतला पार्ट. मेकॅनिकला बोलवायच्या आधी स्वतः काही गोष्टी बघता येतात, प्लग काढूनच. पाणी काढताना खडखड येत असेल तर फ्रंट लोडच्या खालच्या कोपऱ्यातलं छोटं झाकण उघडा, खाली ताटली आणि फडकं ठेवा, बारीक नळीतून आधी पाणी काढा आणि मग फिल्टर फिरवून बाहेर ओढा. रुपयाचं नाणं, सेफ्टी पिन, शर्टाचं बटण, टिकलीचा पुठ्ठा, केसांचा गुंता, असं काय काय निघतं. ते काढलं की पंपाचा आवाज जातो. पण ड्रम हाताने फिरवताना पत्र्यावर काहीतरी खरखर घासतंय असं वाटलं तर पिन किंवा ब्लाउजचा हूक ड्रम आणि टबाच्या मध्ये गेलेला असू शकतो, तिथे मेकॅनिकच पाहिजे.

डॅम्पर बघायला ड्रमच्या वरच्या कडेवर हात ठेवून खाली दाबा आणि सोडा. एकदा वर येऊन गप्प बसला तर ठीक, दोनतीन वेळा डोलत राहिला तर डॅम्पर गेले, टॉप लोडमध्ये हेच काम चार कोपऱ्यांतले सस्पेन्शन रॉड करतात. बदलायचे तर पूर्ण सेट बदला, एकच बदलला की टब एका बाजूला ओढतो. बेअरिंगसाठी ड्रमची कड धरून वरखाली हलवा, टब न हलता नुसता ड्रम खडखडला, किंवा हाताने फिरवताना घरघर आली, तर बेअरिंग गेलंय. त्याला उशीर करू नका, तसंच चालवलं तर सील, शाफ्ट सगळंच जातं आणि खर्च वाढत जातो. मेकॅनिकला विचारायचा पहिला प्रश्न, या मॉडेलचा टब खोलता येतो का, कारण काहींचे टब कारखान्यातच चिकटवलेले असतात, मग पूर्ण टब बदलावा लागतो आणि जुन्या मशीनवर तेवढा खर्च करायचा का हे आकडा ऐकून ठरवा. स्पिनच्या वेळी एकदम जोरात ठाण ठाण येत असेल तर काँक्रीटच्या ठोकळ्याचा बोल्ट सैल असू शकतो, मशीन तिथल्या तिथे बंद करा, परत लावू नका.

पाणी घेऊन व्हॉल्व बंद होताना पाइपमध्ये ठक्कन आवाज येतो तो वेगळा, तो पाण्याचा धक्का आहे. मशीनचा नळ थोडा कमी उघडा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

खालच्या घरात किती जातंय हे आपल्याला वरून कधीच कळत नाही, कारण आपल्या घरात जो आवाज येतो तो हवेतून येतो आणि त्यांच्याकडे जातो तो स्लॅबमधून. म्हणून सेटिंग करताना खाली फोन लावा. "काकू, आता स्पिन लावलंय, ऐका बरं जरा." "अरे, मघाचं ते धडधडणं गेलं, पण मधेच एक ठक ठक येतंय कोपऱ्यातून." मग तो कोपरा शोधायचा, पाय अर्धा वेढा फिरवायचा, पुन्हा विचारायचं. याने जितकं नेमकं काम होतं तितकं कुठल्याही अ‍ॅपने होत नाही, आणि जी माणसं इतके दिवस सहन करत होती त्यांना बरं वाटतं ते वेगळंच. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ही रात्रीची वेळ धरलीय, तेवढ्या वेळात स्पिन नको. डिले स्टार्ट असेल तर मशीन सकाळी सातला संपेल असं लावू नका, सातला सुरू होईल असं लावा, खाली लहान बाळ किंवा आजारी माणूस असू शकतं.

दर दोनतीन महिन्यांनी कोपरे दाबून आणि चेक नट चाचपून बघा. आणि ते ट्रान्झिट बोल्ट एका पिशवीत घालून, वर मॉडेल नंबर लिहून, घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. पुढच्या शिफ्टिंगला पॅकर्सवाले यायच्या आधी ते परत लावायचे असतात, नाहीतर टेम्पोत टब आपटून डॅम्पर आणि स्प्रिंगा निखळतात. हरवले असतील तर मॉडेल नंबर सांगून सर्व्हिस सेंटरला विचारा.